निकेलवर वनस्पती तेलाचं डिझेल: आधी हायड्रोजनचा हिशेब

रिन्यूएबल डिझेल आणि बायोडिझेल यांची गल्लत अजूनही सर्रास होते, म्हणून आधी तेवढं सांगतो. बायोडिझेल म्हणजे मिथाइल एस्टर. तेलावर मिथेनॉलची अभिक्रिया करायची, ग्लिसरीन वेगळं काढायचं; तेलातला ऑक्सिजन इंधनातही तसाच राहतो. रिन्यूएबल डिझेलमध्ये उष्णता, दाब, हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून तो ऑक्सिजन काढूनच टाकतात. उरतात ते मुख्यतः पंधरा ते अठरा कार्बनांचे सरळ साखळीचे अल्केन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू. सीटेन (डिझेल किती सहज पेटतं त्याचा अंक) ७० च्या वर, गंधक जवळजवळ शून्य, घनता ०.७८ च्या आसपास. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने पोर्वो इथे २००७ साली याचा कारखाना सुरू केला. इटलीच्या एनीने व्हेनिसची जुनी रिफायनरी २०१४ मध्ये याच कामाला लावली. म्हणजे तंत्र रुळलेलं आहे. घासाघीस चालू आहे ती उत्प्रेरकावर, आणि त्यातही निकेलवर.

निकेल आणि तेल यांची ओळख जुनी. विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला डालडा बनू लागला तो याच रसायनावर. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तापमान १५० ते २०० अंश, दाब मोजके काही बार, आणि निकेलचं काम एवढंच की दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसवायचा. तेच निकेल ३०० अंशांच्या आसपास, ४०-५० बार हायड्रोजनखाली नेलं की ते कार्बन-ऑक्सिजनचे बंध तोडू लागतं. आणि तिथे थांबत नाही, कार्बन-कार्बनचे बंधही तोडतं. निकेलची सगळी अडचण या दुसऱ्या सवयीत आहे. ते प्लॅटिनम-पॅलेडियमच्या तुलनेत स्वस्त आहे आणि पुरेसं सक्रिय आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हायड्रोजन कुठे जातो याचा.

जमाखर्च

हिशेबासाठी ट्रायओलीन घेऊ: तीन ओलिक आम्लं आणि एक ग्लिसरॉल जोडून झालेला रेणू, रेणुभार ८८५. यातला ऑक्सिजन काढायचे तीन रस्ते. पहिला, सगळा ऑक्सिजन पाण्याच्या रूपात: तेलाच्या एका रेणूला हायड्रोजनचे १५ रेणू लागतात आणि तीन ऑक्टाडेकेन (१८ कार्बन), एक प्रोपेन, सहा पाणी मिळतं. दुसरा, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याच्या रूपात: हायड्रोजन ९ लागतो, पण साखळी एका कार्बनने आखूड होऊन हेप्टाडेकेन (१७ कार्बन) मिळतं. तिसरा, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात: हायड्रोजन फक्त ६, उत्पादन पुन्हा हेप्टाडेकेनच.

एक टन तेलावर बघा. पहिल्या रस्त्याने ३४ किलो हायड्रोजन घालून ८६२ किलो डिझेल. तिसऱ्या रस्त्याने १३.७ किलो हायड्रोजन घालून ८१५ किलो. सत्तेचाळीस किलो डिझेल कमी मिळालं, पण वीस किलो हायड्रोजन वाचला. धातुरूप निकेल मुख्यतः कार्बन गमावण्याच्या रस्त्याने जातं, म्हणून 'निकेलला हायड्रोजन कमी लागतो' असं म्हणतात.

कागदावर ते खरं आहे. पण बाहेर पडलेला कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड त्याच निकेलवर, त्याच हायड्रोजनच्या संगतीत असतात, आणि ३०० अंशांना निकेल हा मिथेन बनवणारा उत्तम उत्प्रेरक आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूला ३ हायड्रोजन, डायऑक्साइडला ४. सगळ्या कार्बनचं मिथेन झालं तर दुसरा रस्ता घ्या नाहीतर तिसरा, एकूण हायड्रोजन १८ रेणूंवर जातो. म्हणजे टनाला ४१ किलो हायड्रोजन खर्च, डिझेल ८१५ किलोच, वर ५४ किलो मिथेन. पहिल्या रस्त्यापेक्षा हायड्रोजन जास्त आणि डिझेल कमी. बचतीवर पाणी फिरतंच, वर भुर्दंड.

म्हणून वायूचं विश्लेषण न देता 'कमी हायड्रोजन' असा दावा केलेला दिसला तर तो मी हिशेबात धरत नाही. निकेलचा उत्प्रेरक चांगला की वाईट, हे ठरवणारा पहिला आकडा तेलाच्या रूपांतराचा नाही. तो आहे: हरवलेल्या कार्बनपैकी किती मिथेन झाला.

मिथेनचा दुसरा झरा साखळीच्या टोकाशी असतो. ३५० अंशांच्या पुढे धातुरूप निकेल तयार अल्केनच्या टोकाचा एकेक कार्बन खुडतं. सतरा कार्बनाचं सोळा, सोळाचं पंधरा, आणि प्रत्येक खुडणीला एक मिथेन. सोयाबीन तेलात पामिटिक आम्ल साधारण १० टक्के असतं, त्यामुळे पंधरा-सोळा कार्बनाचं थोडं उत्पादन अपेक्षितच आहे. ते त्याच्या बरंच वर गेलं, आणि खाली चौदा-तेरा अशी उतरती रांग दिसू लागली, की समजायचं निकेल साखळ्या खुडतंय. उपाय तापमान कमी करणं. उत्प्रेरक वाढवून भागत नाही.

सतरा आणि अठरा यांचा फाटा कुठे फुटतो तेही बघण्यासारखं आहे. मेदाम्लावर हायड्रोजन बसून आधी अल्डिहाइड बनतं. ते धातूवरच राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड टाकून सतरा कार्बनी होतं. आणखी हायड्रोजन मिळाला तर अल्कोहोल होतं, आणि जवळ आम्लधर्मी जागा असेल तर त्यातून पाणी निघून अठरा कार्बनी अल्केन मिळतं. त्यामुळे हायड्रोजनचा दाब वाढवला, किंवा मॉलिब्डेनम ऑक्साइडसारखं काही शेजारी ठेवलं, की तराजू अठराकडे झुकतो. रस्ता कोणता हे ठरवायला द्रवातलं सतरा-अठराचं गुणोत्तर बघा. वायूतल्या मोनॉक्साइड-डायऑक्साइडच्या प्रमाणावरून निष्कर्ष काढू नका. पाण्याच्या वाफेबरोबर ते एकमेकांत बदलत असतात.

कोणतं निकेल?

कारखान्यांत आज चालतं ते मुख्यतः सल्फाइड रूपातलं निकेल-मॉलिब्डेनम, सच्छिद्र आधार असलेल्या गॅमा अ‍ॅल्युमिनावर. चेक प्रजासत्ताकातल्या डेव्हिड कुबिच्का यांच्या गटाने २०१० च्या सुमारास सल्फाइड रूपातलं नुसतं निकेल, नुसतं मॉलिब्डेनम आणि दोन्ही एकत्र अशी तुलना केली. नुसतं निकेल कार्बन टाकतं, नुसतं मॉलिब्डेनम पाणी काढतं, एकत्र असताना दोन्ही होतं आणि सक्रियता सर्वांत चांगली. हा उत्प्रेरक दणकट आहे, रिफायनरीच्या माणसांच्या हातातला आहे, मिथेनही कमी बनवतो. पण वनस्पती तेलात गंधक नसतं, आणि अभिक्रियेत निघालेलं पाणी सल्फाइडमधलं गंधक हळूहळू काढून नेतं. म्हणून तेलाबरोबर सतत डायमिथाइल डायसल्फाइड सोडावं लागतं, म्हणजे ज्या इंधनात मुळात गंधक नाही त्यात ते आपणच घालायचं आणि नंतर काढायचं.

सुरुवातीला सल्फाइड करतानाही एक पथ्य आहे. ऑक्साइड रूपातल्या उत्प्रेरकाला गंधक मिळण्याआधी २३० अंशांच्या वर गरम हायड्रोजन लागू देऊ नका. मॉलिब्डेनमचं आधीच क्षपण झालं (हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन काढून घेतला) तर ते पुढे नीट सल्फाइड होत नाही. २३० ला थांबून बाहेरच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड दिसू लागेपर्यंत वाट बघायची, मगच ३२०-३४० पर्यंत चढायचं.

धातुरूप निकेलला गंधक अजिबात चालत नाही. काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) हायड्रोजन सल्फाइडही पृष्ठभागावर घट्ट बसतो आणि तिथली जागा कायमची जाते. रिफाइंड सोयाबीन किंवा पाम तेलावर हे निकेल छान चालतं. स्वस्त, मळकट तेलावर त्याचे हाल होतात.

मधले दोन पर्याय मला सर्वांत आश्वासक वाटतात. एक, निकेलमध्ये तांबं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या गटाने २० टक्के निकेल आणि ५ टक्के तांबं अ‍ॅल्युमिनावर घेऊन बरंच काम केलंय. तांबं निकेलचं क्षपण कमी तापमानाला घडवून आणतं आणि निकेलच्या सलग जागा तोडतं, त्यामुळे साखळ्या तुटणं आणि कोक (कार्बनचा काळा थर) धरणं दोन्ही कमी होतं. दोन, निकेल फॉस्फाइड. फॉस्फरसमुळे निकेलचे अणू एकमेकांपासून लांब जातात. मिथेन बनायला आणि साखळी तुटायला जे निकेलचे पुंजके लागतात तेच राहत नाहीत. शिवाय थोडं गंधक सहन होतं. किंमत मोजावी लागते ती तयारीत आणि जरा जास्त तापमानात.

करून बघायचं तर

दहा टक्के निकेलचा १० ग्रॅम उत्प्रेरक गॅमा अ‍ॅल्युमिनावर करायचा असं धरू. निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेटमध्ये निकेल २०.२ टक्के असतं, म्हणून १ ग्रॅम निकेलसाठी ४.९६ ग्रॅम नायट्रेट, आणि ९ ग्रॅम अ‍ॅल्युमिना. अ‍ॅल्युमिना आधी १२० अंशांना रात्रभर सुकवून मगच वजन करा; ती हवेतलं पाणी भरपूर धरते आणि सगळं गणित चुकवते.

आता छिद्रांचं आकारमान. एक ग्रॅम सुकी अ‍ॅल्युमिना बशीत घेऊन मायक्रोपिपेटने थेंब थेंब पाणी घाला आणि दर थेंबाला काडीने ढवळा. बराच वेळ पावडर भुरभुरीतच राहते, पाणी पोटात घेते. मग एका थेंबाला तिच्यावर ओली चकाकी येते आणि ती काडीला चिकटून गोळा होते. त्याच्या आधीच्या थेंबापर्यंतचं पाणी हे आकारमान, बहुधा ग्रॅमला ०.५ ते ०.७ मिली. ते ०.६ आलं तर ९ ग्रॅमला ५.४ मिली द्रावण हवं. पाणी ५.४ मिली नव्हे, द्रावण ५.४ मिली. नायट्रेट स्वतःच सुमारे अडीच मिली जागा घेतं, म्हणून ते मोजनळीत सुमारे अडीच मिली कोमट पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत भरा. इथे चूक झाली तर जादा द्रावण दाण्यांच्या बाहेर सुकतं आणि निकेलचे मोठे गठ्ठे होतात.

भिजवलेली पावडर दोन तास तशीच ठेवा, मग ११० अंशांना १२ तास सुकवा. घाईने सुकवलं तर द्रावण आतून बाहेर ओढलं जातं आणि निकेल दाण्याच्या सालीवर जमतं. नंतर भट्टीत मिनिटाला २ अंशांनी ४५० पर्यंत, तिथे ४ तास. थर पातळ पसरा आणि हवा खेळती ठेवा. नायट्रेट फुटताना तपकिरी धूर निघतो. तो थरात कोंडला तर निकेल ऑक्साइडचे कण मोठे होतात, आणि खोलीत पसरला तर फुप्फुसांना घातक. फ्यूम हूडशिवाय हे करू नका.

रंगावर लक्ष असू द्या, तो बरंच सांगतो. सुकलेली पावडर हिरवी असते, भाजल्यावर करडी व्हायला हवी. निळसर छटा आली तर निकेल अ‍ॅल्युमिनात शिरून निकेल अ‍ॅल्युमिनेट बनलंय. निकेल कमी असताना पृष्ठभागावर थोडं अ‍ॅल्युमिनेट ४५०-५०० लाही होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण भट्टी ७०० च्या वर गेली आणि पावडर स्वच्छ निळी झाली, तर तिचं क्षपण करायला ७५० च्या वर जावं लागेल, आणि तोवर बाकीचं निकेल एकमेकांत मिसळून बसलेलं असेल. तो फेकून नवा करणं परवडतं.

क्षपण: हायड्रोजनमध्ये मिनिटाला ५ अंशांनी ५०० पर्यंत, ४ तास, ग्रॅमला मिनिटाला ५० मिली वायू. झाल्यावरची काळी पावडर हवा लागताच पेटू शकते. रिअ‍ॅक्टरमध्येच क्षपण करता येत असेल तर उत्तम. बाहेर काढायचीच असेल तर नायट्रोजनमध्ये खोलीच्या तापमानापर्यंत गार करून, १ टक्का ऑक्सिजन मिसळलेला नायट्रोजन दोन-तीन तास सोडा, म्हणजे कणांवर ऑक्साइडचं पातळ कवच धरेल. ते कवच वापरण्यापूर्वी हायड्रोजनमध्ये २५०-३०० अंशांना काढता येतं.

एक्स-रेने निकेलच्या कणांचा आकार काढताना ४४.५ अंशांचं ठळक शिखर वापरण्याचा मोह होतो, पण अ‍ॅल्युमिनाचं ४६ जवळचं रुंद शिखर त्यात मिसळतं आणि कण खरे आहेत त्याहून लहान दिसतात. ५१.८ चं शिखर छोटं आहे, पण विश्वासाचं.

निकेल फॉस्फाइडसाठी आधार म्हणून सिलिका घ्या. अ‍ॅल्युमिना फॉस्फेट खाऊन अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट बनवते आणि निकेलच्या वाट्याला फॉस्फरस उरत नाही. ४.९६ ग्रॅम निकेल नायट्रेटला २.२५ ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे निकेल आणि फॉस्फरस एकास एक. फॉस्फाइडमध्ये दोनास एक लागतो, तरी जादा घ्यायचा, कारण क्षपणात थोडा फॉस्फरस उडून जातो. दोन्ही द्रावणं एकत्र केली की फिकट हिरवा गाळ बसतो. नायट्रिक आम्लाचे थेंब घालून तो पूर्ण विरघळवा, नाहीतर सिलिकावर तो बाहेरच बसेल. क्षपण मिनिटाला १ ते २ अंशांनी ६०० ते ६५० पर्यंत. उडालेला फॉस्फरस फॉस्फीन वायूच्या रूपात निघतो आणि तो अत्यंत विषारी आहे, त्यामुळे बाहेरची नळी कॉपर सल्फेटच्या द्रावणातून न्यायलाच हवी. निळं द्रावण काळवंडू लागलं की फॉस्फीन तिथे अडकतोय. ते निस्तेज व्हायच्या आत बदला.

तेल कसं हवं

उत्प्रेरक मरतो तो बहुतेक वेळा तेलामुळे, आणि त्यातही फॉस्फरसमुळे. कच्च्या सोयाबीन तेलात फॉस्फोलिपिडांच्या रूपात फॉस्फरस काहीशे पीपीएम असतो. रिअ‍ॅक्टरमध्ये जाताना तो ३ पीपीएमच्या आत हवा. तो आत गेला तर फॉस्फरिक आम्ल होतं, दुहेरी बंध असलेल्या साखळ्या एकमेकांना जोडून डिंकासारखा थर बनवतं, आणि उत्प्रेरकाच्या वरच्या चार बोटं भागात रिअ‍ॅक्टर तुंबतो. लक्षण नेहमी सारखंच: रूपांतर ठीक, पण दाबातला फरक दिवसागणिक वाढत जातो.

साधी पद्धत चालते. तेल ७० अंशांना गरम करून वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के फॉस्फरिक आम्ल (८५ टक्क्यांचं) जोरात मिसळा, मग २-३ टक्के पाणी घालून अर्धा तास हळू ढवळा आणि गाळ सेंट्रिफ्यूजने काढा. नंतर १ ते २ टक्के ब्लीचिंग अर्थ (मळ शोषणारी माती), ९० ते १०५ अंश, निर्वातात अर्धा तास, आणि गरम असतानाच गाळा. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे सगळे मिळून काही मोजके पीपीएम उरले पाहिजेत.

हॉटेलांच्या तळणीच्या तेलाचा साठा आपल्याकडे वाढतोय, कारण अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल पुन्हा वापरायला मनाई केली आहे. या तेलात मीठ असतं. क्लोराइड स्टीलच्या मुळावर येतं, म्हणून वरच्या सगळ्या आधी कोमट पाण्याने धुणं आणि नीट सुकवणं चुकवू नका.

कोकणातल्या उंडीचं तेल किंवा विदर्भ-मराठवाड्यातलं करंज तेल वापरायचं असेल तर आणखी सावध राहावं लागेल. उंडीच्या कच्च्या तेलात मुक्त मेदाम्लं अनेकदा १० टक्क्यांच्या वर असतात. धातुरूप निकेल अशा आम्लात विरघळतं आणि निकेलचा साबण होऊन तेलाबरोबर वाहून जातं. बाहेर येणाऱ्या द्रवाला हिरवट झाक आली, की निकेल निघून चाललंय. करंजात करंजिन, पोंगामोल यांसारखी अ‍ॅरोमॅटिक संयुगं असतात आणि वीस-बावीस कार्बनाची मेदाम्लंही थोडी असतात. बावीस कार्बनाचं अल्केन ४४ अंशांना वितळतं, त्यामुळे गोठणबिंदूचा प्रश्न करंजात सोयाबीनपेक्षा जास्त चिघळतो.

ऑटोक्लेव्हमधला दुष्काळ

प्रयोगशाळेतली सर्वांत जास्त दिसणारी गफलत हायड्रोजनचीच. १०० मिलीचा ऑटोक्लेव्ह (बंद दाबभांडं), ३० ग्रॅम तेल, थंड असताना ४० बार हायड्रोजन. ऐकायला भरपूर वाटतं. मोजून बघा: तेलाच्या वर ६७ मिली जागा उरते, त्यात २५ अंशांना हायड्रोजन ०.११ मोल. तेल ०.०३४ मोल, पहिल्या रस्त्याची गरज ०.५१ मोल. पाचपट तूट! सहा हायड्रोजनवाल्या रस्त्यालाही ०.२ मोल लागतो, तोही पुरत नाही. मग निकाल काय येतो? सतरा कार्बनी उत्पादन जास्त, कोक जास्त, मेदाम्लं उरलेली. आणि दोष उत्प्रेरकाच्या माथी. त्याच भांड्यात ५ ग्रॅम तेल आणि २० मिली डोडेकेन घेतलं तर गरज ०.०८५ मोल आणि साठा ०.१२ मोल. हे जमतं. द्रावक हेक्झाडेकेन नको, ते उत्पादनातच मिसळतं. ढवळणी मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या खाली ठेवू नका. १००० ला निकाल बदलला तर ८०० ही कमीच होती.

शक्य असेल तर सरळ प्रवाही रिअ‍ॅक्टरवर जा. उत्प्रेरक ४० ते ६० मेशचा, साधारण ३ मिली, तिप्पट-चौपट सिलिकॉन कार्बाइड मिसळून. अभिक्रियेत उष्णता बरीच निघते, आणि पातळ न केलेल्या थरात एखादी जागा २०-३० अंशांनी जास्त तापून सगळे आकडे बिघडवते. (कारखान्यात याच कारणासाठी तयार डिझेल परत आणून तेलात मिसळतात.) तेल ताशी ३ मिली, हायड्रोजन मिनिटाला ५० मिली, ३०० ते ३४० अंश, ४० ते ५० बार. यात हायड्रोजन गरजेच्या सुमारे तिप्पट आहे.

उत्प्रेरकाचं आयुष्य तपासायचं असेल तर रूपांतर मुद्दाम ७०-८० टक्क्यांवर ठेवा. १०० टक्क्यांवर चालवलेला रिअ‍ॅक्टर काहीच सांगत नाही. वरचा अर्धा थर मेला तरी खालचा अर्धा काम उरकतो आणि आलेख सपाट दिसतो. शंभर तासांच्या आतल्या सपाट रेषेला मी टिकाऊपणा म्हणत नाही.

बाटलीत काय आहे

द्रव गार झाला की बहुधा पांढरा गोठतो. घाबरू नका, आणि खूशही होऊ नका. ऑक्टाडेकेन २८ अंशांना गोठतं, हेप्टाडेकेन २२ ला. पण स्टिअरिक आम्ल ६९ ला वितळतं, आणि अर्धवट अभिक्रियेत होणारे मेणासारखे एस्टरही ६० च्या आसपास. बाटली ३५ अंशांच्या पाण्यात धरा. सगळं पाण्यासारखं स्वच्छ झालं तर अल्केन. गढूळपणा किंवा तळाशी कण राहिले तर आम्ल किंवा मेण उरलंय. एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपटात) १७४५ ला एस्टर आणि १७१० ला आम्ल दिसेल, आम्लांक काढला की संख्याही मिळेल.

साध्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) स्तंभातून न बदललेलं तेल बाहेरच येत नाही. जे दिसतं त्याची बेरीज १०० धरून '९५ टक्के निवडकता' लिहिणं म्हणजे स्तंभात अडकलेलं सोडून देणं. आम्लं आणि अल्कोहोल सिलिल रूपात बदलून घ्या, अंतर्गत प्रमाणक वापरा, उच्च तापमानाचा स्तंभ मिळाला तर उत्तम. आणि वायूची पिशवी भरून मिथेन मोजा. द्रव, वायू, पाणी मिळून वस्तुमान ९५ टक्क्यांच्या वर जुळलं, की मगच पुढचं बोलायचं.

हे सगळं जमल्यावरही गोठणबिंदूचं काम राहतंच. हिवाळी डिझेलसाठी साखळ्यांना फांद्या फुटाव्या लागतात, आणि ते काम सॅपो-११ सारख्या अरुंद छिद्रांच्या चाळणीवर थोडं प्लॅटिनम बसवून, दुसऱ्या टप्प्यात करतात. त्या टप्प्याला पाणी, कार्बन मोनॉक्साइड आणि गंधक चालत नाही, म्हणून दोन्ही टप्प्यांमध्ये वायू वेगळा काढणं आलं. निकेल सरळ सॅपोवर बसवून एकाच टप्प्यात उरकायचे प्रयत्न बरेच झालेत. पण फांद्या फुटायला लागणाऱ्या तापमानाला निकेल साखळ्याही खुडतं आणि डिझेलपेक्षा हलकं नॅफ्था वाढतं. डिझेलच हवं असेल तर मी दोन टप्पेच ठेवेन.

बंद करताना

निकेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असायला हवं. धातुरूप निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड २०० अंशांच्या खाली एकत्र राहिले तर निकेल कार्बोनिल बनतं. ४३ अंशांना उकळणारा, रंगहीन, अत्यंत विषारी पदार्थ. अभिक्रिया चालू असताना तापमान जास्त असल्याने तो टिकत नाही. धोका गार होताना. म्हणून तेल बंद केल्यावर ३०० अंशांनाच शुद्ध हायड्रोजन किंवा नायट्रोजन भरपूर सोडून मोनॉक्साइड संपल्याची मोजून खात्री करा, आणि मगच २०० च्या खाली या. ऑटोक्लेव्हमध्ये वायू आतच असतो, त्यामुळे तिथे हे पथ्य पाळता येत नाही. तो वायू खोलीत सोडायचा नाही, हूडमध्ये, नळी जोडूनच काढायचा. उघडण्याआधी नायट्रोजनने तीन-चार वेळा भरून रिकामा करायचा.

कोक धरलेला उत्प्रेरक परत वापरता येतो. आधी द्रावकाने तेल धुवा, मग २ टक्के ऑक्सिजन असलेल्या नायट्रोजनमध्ये हळूहळू ४५०-५०० पर्यंत जाळा, आणि नव्याने क्षपण करा. सरळ हवेत जाळलं तर आतलं तापमान कुठल्या कुठे जातं आणि निकेल एकत्र गोळा होतं. फॉस्फाइड मात्र असं जाळलं की फॉस्फेट होतं, त्याला पुन्हा ६०० च्या वर क्षपण लागतं. फॉस्फरस आणि कॅल्शियमने मेलेला उत्प्रेरक जाळून जिवंत होत नाही. तो नायट्रोजनखाली काढा, तेलाने किंवा पाण्याने भिजवून झाकणाच्या पिंपात भरा आणि लेबल लावा. वापरलेला निकेल उत्प्रेरक २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो. त्यात निकेल १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसेही मिळू शकतात, म्हणून पिंपावर निकेलचं प्रमाण आणि तेलाचा प्रकार लिहून ठेवा.